वाचायची पाळी

माझी मुलगी वर्गात सारखी ओरडते म्हणून मंचरच्या निवासी शाळेनं मला बोलावलं होतं. ओतूरहून एसटीनं निघाले. शेजारच्या सीटवरच्या बाई शिक्षिका आहेत असं कळलं. बोलता बोलता त्या पदरानं चष्मा पुसायच्या. मी सगळं सांगून टाकलं.

"माझ्या वर्गात एक पोरगी लई बाक बडवायची," त्या म्हणाल्या. "बाहेर काढली, तर दार बडवलं. शेवटी शेजारी बसून पाहिलं. वाचायची पाळी जवळ आली की तिचे हात सुरू व्हायचे. मग तिचा उतारा आदल्या दिवशीच सांगायला लागले."

"थांबली का?"

"नाय हो. अजून बडवती. पण वाचून झाल्यावर!" त्या खुदकन हसल्या.

शाळेत मी माफीच मागणार होते. पण वर्गशिक्षिकांना विचारलं, "ती नेमकी कधी ओरडते?"

"ते कधी पाहिलंच नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.