उनू नाना

नानांना हाक पुरी मारावी लागत नसे. आबांनी ओट्यावरून नुसतं "ना..." म्हटलं, की गोठ्याकडून "उनू!" असं उत्तर यायचं आणि उत्तरापाठोपाठ नाना. आमच्या अहिराणीत उनू म्हणजे आलो. आम्ही भावंडांनी त्यांचं नावच उनू नाना ठेवलं होतं, आणि त्यांना ते आवडायचं.

चोपड्याजवळच्या आमच्या गावात नाना माझ्या वडिलांचे, म्हणजे आबांचे, सालदार होते. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारे. बोली शेतकामाची, पण दळण आणणं, पाहुण्यांना फाट्यावर एस.टी.त बसवून देणं, आजोबांचे पाय चेपणं हे सगळं त्या बोलीत कधी शिरलं ते कुणालाच कळलं नाही. केळीची काढणी निघाली की घड खांद्यावर घेऊन नाना चिखलातून ट्रकपर्यंत खेपा घालत. केळीचा चीक कपड्यावरून जात नाही. नानांचा एकही सदरा मी त्याच्या मूळ रंगात पाहिला नाही. जेवायलासुद्धा ते उकिडवे बसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मांडी घाली का सुस्ती येस, ताई."

आबांचा जगाविषयी एकच सिद्धांत होता: राबणाऱ्याच्या घरी लक्ष्मी पाणी भरते. माझ्या भावाला परीक्षेत कमी गुण पडले की हे वाक्य ठरलेलं, आणि पाठोपाठ "नानाकडे बघ जरा" हेही. आबा ढोंगी नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. तेही पहाटे उठून केळीत उतरत. त्यांच्या कष्टांची दुसरी विहीर झाली, स्लॅबचं घर झालं, धुळ्याला माझं कॉलेज झालं. नानांच्या कष्टांच्याही केळीच झाल्या, पण त्या आमच्या. आम्ही भावंडं आबांचं वाक्य एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायचो. नाना मात्र दाराशी उभे राहून मन लावून ऐकत आणि मान डोलावत. त्या वाक्यावर मनापासून विश्वास ठेवणारा आमच्या घरात तो एकच माणूस होता.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा खानदेशात लेकींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. सालदाराचं वर्षही त्याच दिवशी संपतं. जुनी बोली सुटते आणि नवी ठरेपर्यंत माणूस कुणाचाच गडी नसतो. त्या एका मोकळ्या दिवशीही नाना सकाळीच हजर. बैलांना पाणी दाखवायचे, मग निंबाला आमचा झोका बांधायचे. आई म्हणायची, "नाना, आज तरी घरी बसा." त्यावर नाना म्हणत, "बैलेसले आखाजी कोठे समजस, माय?"

माझं लग्न होऊन धुळ्याहून मी पहिल्यांदा आखाजीला आले, तेव्हा नाना झोका बांधायला आले नाहीत. ते धुतलेला सदरा घालून ओट्याखाली उभे होते. मागे भिंतीला टेकून सुमनअक्का, त्यांची बायको. आमचा नाल्याकाठचा एक दगडाळ तुकडा कैक वर्षं पडीक होता. तो अर्ध्या वाट्यानं कसायला मिळावा, असं नाना आबांना म्हणाले. इतकी लांब वाक्यं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती. "मी, घरवाली, आंडोर, तिन्हीजन राबसूत, आबा. भीमाले कॉलेजमा धाडानं शे." आंडोर म्हणजे मुलगा. भीमा त्या वर्षी दहावीला होता.

आबा हसले. माया होती त्या हसण्यात, तेच वाईट होतं. "अरे नाना, त्या दगडांत काय पिकणार? आणि तू तिकडं राबायला लागलास तर माझी केळी कोण बघेल? तुझ्यासारखा माणूस साऱ्या तालुक्यात नाही." सणाला ओट्यावर जमलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, "सोनं शे नाना, सोनं!" आईनं नवी टोपी आणि सदऱ्याचं कापड नानांच्या हातात ठेवलं. झाली पुढच्या वर्षाची बोली.

एखादा कामचुकार गडी असता तर आबांनी तो तुकडा त्याच्या गळ्यात मारून सुटका करून घेतली असती. नानांचे कष्टच नानांच्या आडवे आले. आणि लाजले कोण, तर नाना. "चुकनं मनं, आबा," म्हणजे माझंच चुकलं, असं पुटपुटून ते दोर शोधायला गेले. झोका बांधला. आम्ही माहेरवाशिणी त्यावर बसलो, गाणी म्हटली. आज ती गाणी कुणी म्हणायला लागलं की मी तिथून उठते.

पुढं काही वर्षांनी ट्रक भरताना चिखलात पाय घसरून नाना घडासकट पडले. कंबरेतून गेले ते गेलेच. मी गावी आले तेव्हा त्यांना भेटायला बौद्धवाड्यात गेले. मला पाहून ते उठून बसायची धडपड करू लागले. अक्कांनी दाबून झोपवलं. बोलता बोलता कळलं की भीमाचं कॉलेज बारावीच्या आधीच सुटलं. त्यावर नानाच म्हणाले.

"आबा खोटं बोलतीन का, ताई? राबनाराले काही कमी पडत नई. मनीच मेहनत कमी पडनी व्हई."

आवाजात तक्रारीचा मागमूस नव्हता. मला ओरडून सांगायचं होतं: नाना, मेहनत नाही कमी पडली. कमी पडली ती जमीन, आणि ती आमच्याकडे पडीक होती. मी धुळ्याच्या शाळेत मराठी शिकवते. माझ्याकडे शब्दांची वाण नाही. पण त्या खाटेजवळ मी आबांची मुलगी होते, आणि आबांच्या मुलीच्या तोंडून "असं नका म्हणू" एवढंच निघालं. डोळ्यांत पाणी आलं, त्याचीही शरम वाटली. रडायचा हक्क माझा नव्हता.

नानांना माझीच दया आली. हात लांब करून त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. ती आमची शेवटची भेट ठरली.

"रडू नका, ताई. मना भीमा मनापेक्षा जास्त राबस. आबाच सांगतस."

हे सांगताना त्यांचा चेहरा समाधानानं उजळला होता. भीमा त्या वेळी आमच्याच केळीत, नानांच्या जागेवर, घड उचलत होता.