दाराला कुलूप न लावणारा भाडेकरू

निवृत्त होऊन चार वर्षं झाली. अनेक गुन्हे विसरलो, हा एक विसरता येत नाही. तेव्हा माझी नेमणूक पेडण्याला निरीक्षक म्हणून होती. पाच महिन्यांत तीन रखवालदारांचे खून झाले. पहिला शेजारच्या तालुक्यातल्या शिरगावात, बंद खाणीच्या फाटकावर. दुसरा तुयेच्या औद्योगिक वसाहतीत. तिसरा मांद्र्यात, एका गेस्टहाउसच्या आवारात. तिघेही साठीच्या आसपासचे. डोक्यात मागून एकच घाव. पाकीट, मोबाइल जागच्या जागी. नाहीसे झाले होते ते फक्त कमरेचे चाव्यांचे जुडगे, आणि त्या चाव्यांनी कुठलंही कुलूप कोणी उघडलं नव्हतं.

मी माझ्या माणसांना सांगितलं, चोर शोधू नका, चाव्या शोधा.

खबर आणली पोदेराने, म्हणजे सायकलवरून दारोदार पाव देणाऱ्या म्हाताऱ्याने. गावातलं कुठलं दार कधी उघडतं हे पोदेराइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

"सायबा, तुयेत एका भाडेकराच्या खोलीत चावयांचे तीन जुडगे लटकतत," तो म्हणाला. "आणि कामार जाताना तो दाराक कुलूपच लायना."

भाडेकरू चाळिशीचा, एका कारखान्यात फिटर. शेजाऱ्यांची एक तक्रार नाही. पंचांसमक्ष जुडगे जप्त केले. तिन्ही ठिकाणच्या कुलपांना चाव्या लागल्या. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, त्यामुळे या पंचनाम्यावरच खटला उभा राहणार होता. पण मारलं का, ते मला हवं होतं, आणि तो दोन दिवस तोंड उघडेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी हवालदाराने त्याला ताट दिलं. कोठडीत माणूस जेवतो कसा, हे मी नेहमी पाहायचो. याने ताटाभोवती हाताचं कडं केलं, दोन मिनिटांत ताट संपवलं आणि भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून उभा राहिला. कोणी सांगितलं नव्हतं. असलं वळण घरात लागत नाही.

"तुझा नंबर किती होता?" मी विचारलं.

तो ताठ झाला. "सव्वीस, साहेब."

मग तो बोलत राहिला. बाप पट्ट्याने मारायचा. आई वारल्यावर, सातव्या वर्षी, बापाने त्याला परराज्यातल्या एका अनाथाश्रमात टाकलं. तिथल्या रखवालदाराच्या कमरेला जुडगा असे. तो वाजला, की रखवालदार कोणा तरी मुलाला अडगळीच्या खोलीत नेऊन बडवायचा आणि दोन-दोन दिवस उपाशी कोंडायचा. तेव्हापासून कुठल्याही दाराला कुलूप लावणं त्याला जमलंच नाही.

"शिरगावच्या म्हाताऱ्याने तुझं काय बिघडवलं होतं?"

"काही नाही. मला चहा दिला."

"मग?"

"कप ठेवायला उठला. चाव्या वाजल्या."

"आणि तो आश्रमातला?"

"मी मोठा व्हायच्या आधीच मेला, साहेब."

कीव आली, नाही म्हणत नाही. पण शिरगावला मेलेल्या त्या म्हाताऱ्याचं घर आमच्याच हद्दीत होतं आणि त्याच्या बायकोला निरोप मीच दिला होता. दोषारोपपत्रात एक शब्द सैल सोडला नाही. जन्मठेप झाली.

तपासात त्या आश्रमाच्या गावीही गेलो होतो. त्याच्याबरोबर वाढलेला एक जण तिथेच सुतारकाम करत होता. तोच मार, तीच खोली. तुम्ही कसे सावरलात, विचारलं.

"माझी मावशी दर सुट्टीला न्यायला यायची," तो म्हणाला. "त्याचं कोणी आलं नाही."

मग तिथल्या पोलिसांकडून जुनं दप्तर काढून घेतलं. हा पोरगा तीन वेळा पळाला होता आणि तिन्ही वेळा पोलिसांना सापडला होता. तिन्ही नोंदी सारख्याच: मुलगा ताब्यात घेतला, समज दिली, संस्थेकडे सुपूर्द केला. का पळालास, असं विचारल्याचं कुठे लिहिलेलं नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला मीही अशा नोंदी लिहिल्या आहेत, सुवाच्य अक्षरात.

हाल सोसलेला प्रत्येक जण खुनी होत नाही, आणि खुनाचा जाब खुन्यानेच द्यायचा असतो. याबाबत माझं मत तेव्हाही पक्कं होतं, आजही आहे. पण त्यानंतर माझ्या ठाण्यात एक शिरस्ता पडला. पळालेलं मूल सापडलं, की आधी त्याला जेवू घालायचं, जवळ बसून विचारायचं, ते सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं आणि मगच घरी किंवा संस्थेला फोन करायचा.

"सायबा, पोर खोटां सांगत असलां तर?" एका हवालदाराने विचारलं.

"तेही लिही," मी म्हणालो. "तपासायचं काम आपलं."