नानाच्या वाटणीचा रस

माझं तोंड फाटकं, हे आधीच सांगून टाकते. मनात आलं की ओठांवर आलंच. सासू म्हणायची, कांताच्या जिभेला हाड नाही. नाही तर नाही! पण त्या जिभेनं मी एकदा जे करून ठेवलं, ते सांगितल्याशिवाय अंबिकेची गोष्ट सांगता येत नाही, म्हणून सांगते.

अंबिका परब माझी भिंतीपलीकडची शेजारीण. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत भिंत म्हणजे नुसती नावाला. तिच्याकडे फोडणी पडली की शिंक मला यायची. मालवणकडची पोर, पंधराव्या वर्षी लग्न होऊन मुंबईत आलेली. मूलबाळ नाही. बोलायची तर निम्मंच, तेही विचारल्यावर. नवरा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर कापड विणायला. सगळी चाळ त्याला नाना म्हणायची, पोरंटोरंसुद्धा. उंच, हसरा, आणि खाण्याच्या बाबतीत असा लाडावलेला की मी म्हणायचे, 'अंबिके, नवरा केलास की जावई?'

एकदा ठाकूरद्वारला त्याच्या मुकादमाच्या मुलीचं लग्न होतं. परत येताना नाना तिला एका दुकानात घेऊन गेला. तिथं आंबा आणि दूध एकत्र घुसळून काचेच्या उंच ग्लासात देत, वर बर्फाचा चुरा. दोघांत एक घेतला. 'अर्धा पिऊन ग्लास माझ्या हातात दिला गो,' ती मला सांगायची, 'सगळ्या दुकानासमोर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.' आणि सांगताना हसू मात्र कानापर्यंत.

घरी येतो न येतो तोच नानानं फर्मान काढलं, असलं मला घरी पाहिजे. दूध कुठून आणायचं? चहापुरतं मिळालं तरी आमच्याकडे दिवाळी. पण गावचे नारळ होते, खाटेखाली पोतंभर. अंबिकेनं नारळ खवला, पाट्यावर वाटला, धुतलेल्या फडक्यातून घट्ट रस पिळून काढला. पायरी आंबे चोळून मऊ करून त्यांचा रस, एक पिकलेलं केळं कुस्करून, किसलेला गूळ, वेलची, आणि चिमूटभर मीठ, कारण मिठाशिवाय गोडाला गोडी नाही. सगळं पातेल्यात घालून रवीनं घुसळलं, फेस चढेपर्यंत. मग पातेल्याला ओलं फडकं गुंडाळून मोरीच्या कट्ट्यावर ठेवलं, गार व्हायला. नानानं एका दमात ग्लास संपवला, मिशा पिवळ्या झालेल्या, आणि म्हणाला, 'त्या दुकानवाल्याला म्हणावं, दुकान बंद कर!' भिंतीपलीकडून मी ओरडले, 'शेजार्‍यांना काही आहे का?' तर दोन वाट्या आल्या. देवाशपथ सांगते, तसलं मी पुढं कुठं चाखलं नाही.

एक मात्र होतं. अक्षय तृतीयेच्या आधी परबांच्या घरात आंबा तोंडाला लागत नसे. त्या दिवशी आधी घरातल्या गेलेल्या माणसांना पाण्याचा करा आणि केळीच्या पानावर आंब्याचा रस, एकेका माणसाचं नाव काढून एकेक पान. ती जेवली की मग जिवंत माणसांनी जेवायचं. म्हणून वर्षाचा पहिला रस अक्षय तृतीयेचा. पान पितरांना आणि पहिला ग्लास नानाला.

मग आला तो पौष. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि आमचा सगळा गिरणगाव पेटून उठला. संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात होता. नाना म्हणाला, 'नाक्यापर्यंत जाऊन बघून येतो.' पायात चपला, अंगात सदरा. गेला तो गेलाच. नाक्यावर गोळ्या सुटल्याचे आवाज आम्ही गॅलरीतून ऐकले. संध्याकाळपासून संचारबंदी. बाप्यांनी बाहेर पाऊल टाकलं की धरून नेत होते, म्हणून तिसर्‍या दिवशी आम्ही दोघी बायका निघालो. भीत भीत, भिंतीभिंतीनं, एका इस्पितळात पोचलो.

तिथला कारकून तीन दिवस झोपला नसावा, डोळे नुसते लाल. 'नाव सांगा,' म्हणाला.

अंबिकेनं पदर तोंडाशी धरला आणि माझ्याकडं बघितलं. नवर्‍याचं नाव बाई कशी घेणार? हळदीकुंकवाला 'नाव घे' म्हटलं तरी ही पळून जायची. मग मीच पुढं झाले. म्हटलं, 'नाना परब. साच्यावर असतो.'

त्यानं एक कागद बघितला. 'जखमींत नाही. आणि आडनावं सगळ्यांची नाहीत बाई, ज्याला जेवढं बोलता आलं तेवढं लिहिलंय.' मग दुसरा कागद ओढला. 'हे गेलेले. कालच हलवलेत. एक तुकाराम, एक कोंडीराम, एक माधव...'

मी उखडलेच. 'अहो, नाना म्हणतेय मी, नाना! कान आहेत का भोकं?'

'बाई, खरं नाव आहे ना हे?'

'खरं नाही तर काय खोटं? किती वर्षं माझ्या भिंतीला भिंत लावून राहतोय तो! मला नाव माहीत नाही?'

त्यानं कागद मिटले. 'मग नाही इथं. सुटलात म्हणा.'

मी अंबिकेचा हात धरून तिला बाहेर काढलं. म्हटलं, 'वाचला तुझा नाना. येईल बघ दोन दिवसांत.' ती माझ्याबरोबर चालत राहिली. पाय ओढत होती. मला वाटलं दमली असेल, तीन दिवस पोटात अन्न नाही.

नाना आला नाही. कुणी म्हणालं तुरुंगात आहे, कुणी म्हणालं जखमी होऊन गोव्याकडं पळाला. तुरुंगातली माणसं सुटून आली, लोक त्यांना हार घालून घरी घेऊन गेले, त्यांतही नव्हता. मिलमधले लोक महिन्याभरानं चौकशीला गेले, तोवर कुणाला काही सांगता येईना. अंबिका दुसर्‍यांचे मसाले कांडून देऊ लागली, पोटापुरतं मिळत होतं. कपाळावरचं कुंकू मात्र दर सकाळी ठसठशीत.

आणि दर अक्षय तृतीयेला रस. सासर्‍यांचं पान, आजेसासर्‍यांचं पान, आणि नानासाठी काचेचा ग्लास, जिवंत माणसाला देतात तसा, पाटासमोर, वर वाटी झाकून. रस ठेवला की आंबा खाली बसतो नि पाणी वर येतं. म्हणून ही बाई दिवसभरात चार वेळा तो ग्लास पातेल्यात ओतायची, रवी फिरवायची, पुन्हा भरून ठेवायची. भिंतीतून मला तो रवीचा आवाज यायचा. दिवेलागणीला गॅलरीत उभी राहून तोच रस प्यायची, खाली रस्त्याकडं बघत. दोन गिरण्यांचे भोंगे होऊन माणसं परत येत असायची त्या वेळी. मी जाऊन सांगायचे, 'अगं, यादीत नाव नव्हतं ना? मी स्वतः विचारलंय! येणार तो.' ती पदरानं ग्लास पुसत राहायची. मला वाटायचं, बिचारीला माझा आधार आहे.

अशी चार वर्षं गेली. साठ साली राज्य मिळालं. मुंबईसकट मिळालं! अक्षय तृतीयेनंतर तीन दिवसांनी सोहळा, चाळीला पताका, विजेच्या माळा, पोरं बेभान. आणि त्याच गडबडीत अक्षय तृतीयेच्या दोन दिवस आधी बोटीनं अंबिकेची सासू आली. राधाबाई. गुडघ्यांनी अधू, म्हणून चार वर्षांत पहिल्यांदाच. बरोबर आंब्यांची करंडी, आणि पाट टाकून बसली ती एकच गोष्ट घेऊन.

'अंबिका, औंदा माझ्या झिलाचां पान वाड.'

'नाही, आई.'

'जितो असतो तर इलो नसतो? राज्य गावला, बंदी सुटले. आता खंय र्‍हवलो? चार वर्सां तो तानेलो आसा गो. बापाशीक पानी, आज्याक पानी, आनि माझ्या पोराक कोन इचारना नाय. मी आज आसंय, उद्या नाय. मी मेलंय तर त्याका पानी कोन देतलो?'

'ते येणार आहेत,' अंबिका म्हणाली.

दोन दिवस हेच. म्हातारी रडायची, ही मसाला कांडायची. मला दोघींचंही पटत होतं, हे काय सांगू! मेला असेल आणि पाणी दिलं नाही तर तो तहानलेला फिरतोय. जिवंत असेल आणि पान वाढलं तर बायकोनंच त्याला मारला, आणि स्वतःचं कुंकूही पुसलं. कोण कुणाला चूक म्हणणार?

अक्षय तृतीयेला सकाळी मी मदतीला गेले. नारळ खवायला बसले. अंबिका रवी फिरवत होती. राधाबाईनं न विचारता केळीची तीन पानं मांडली.

'ह्यां मामंजींचां,' ती म्हणाली. 'ह्यां आमच्या माणसाचां. आनि ह्यां माझ्या कोंडीरामाचां.'

'कोण कोंडीराम?' मी विचारलं.

'कोन म्हंजे? माझो झील. नाना तां तुमी म्हनतास. बारशाचां नाव कोंडीराम.'

हातातली नारळाची वाटी खाली पडली. तो लाल डोळ्यांचा कारकून, त्याचं कागदावरून सरकणारं बोट. एक तुकाराम, एक कोंडीराम, एक माधव. आणि मी! मी त्याला कान आहेत का भोकं विचारत होते!

'अंबिके,' मी म्हटलं, 'तू ऐकलं होतंस?'

तिनं रवी थांबवली. 'होय.'

'मग बोलली का नाहीस? मी गाढवासारखी ओरडत होते, पदर ओढायचा माझा! नाव घ्यायला एवढी लाज?'

'लाज नव्हती गो,' ती म्हणाली. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. 'तू नाही म्हणालीस आणि त्यानं कागद मिटले. मला बरं वाटलं. मी हो म्हटलं असतं तर ते तिथल्या तिथं गेले असते. तू भांडलीस म्हणून मला चार वर्षं मिळाली.'

'अगं, कोंडीराम काय मुंबईत एकच आहे?' मी बोलून गेले. दुसरं काय बोलणार होते?

'मी पण रोज हेच म्हणत आले,' अंबिका म्हणाली.

राधाबाई भिंतीचा आधार घेऊन उठली. अंबिका तिच्या पायांवर पडली. म्हातारीनं तिच्या पाठीत मूठ मारली, एकदा, दोनदा. मग तिथंच खाली बसली. मी तिला इस्पितळ, कारकून, त्याची यादी, सगळं सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं, 'नावां खंयसून लिवली म्हनालो तो?'

मी म्हटलं, 'ज्याला जेवढं बोलता आलं, तेवढं लिहिलं म्हणाला.'

'म्हंजे बोलत होतो.' म्हातारी माझ्याकडं बघत नव्हती, कुठंच बघत नव्हती. 'बारशाचां नाव सांगलान. नाना नाय सांगलान. घरातली हुडकीत येतीत, त्यांका मी गावाक होयो, म्हनान खरां नाव सांगलान माझ्या बाबान.'

तेव्हा अंबिका रडली. चार वर्षांत पहिल्यांदा. खाली पोरं पताका लावताना आरडाओरडा करत होती, आणि वर ही बाई अशी रडत होती की मी उठून दार लोटून घेतलं. मीही रडले. माझ्या रडण्याला त्या दिवशी किंमत नव्हती, तरी रडले.

बर्‍याच वेळानं राधाबाईनं दोन पानं वाढली. तिसर्‍यापाशी तिचा हात थांबला. पान वाढताना नाव घ्यावं लागतं, आणि दोन दिवस त्या नावासाठी भांडणार्‍या म्हातारीच्या तोंडून ते काही निघेना. मी पुढं होणार होते, पण मी जीभ चावली. मला तो हक्क नव्हता.

अंबिकेनं डोळे पुसले. पानावर रस वाढला, शेजारी करा ठेवला. पदर सावरला, आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं नवर्‍याचं नाव घेतलं. उखाणा नाही, काही नाही.

'कोंडीराम,' ती म्हणाली. 'या. रस केलाय.'

मग आपला हात तिनं कपाळाकडं नेला, कुंकू पुसायला. राधाबाईनं तो मधेच पकडला. म्हातारीच्या हातात केवढं बळ होतं!

'आज नको गो,' ती म्हणाली. 'आज तो जेवूक इलो आसा. त्याच्या म्होरां नको.'