चिलखताच्या घेरातलं शिसं

१९ नोव्हेंबर १९५५, शनिवार. दुपारचे दोन. दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या हॉलच्या मागच्या खोलीत मी आठव्या माणसाच्या पाठीवर चिलखताच्या नाड्या बांधत होते. सात झाले होते. आठवा जाधव. इंजिनावरचा फायरमन आणि नाटकातला सरदार. छाती अशी, की माझं माप दोन बोटं कमी पडत होतं.

"श्वास सोडा," मी म्हटलं.

"सोडलाय की बाई. आता जीव सोडू का?"

माझा धंदा ड्रेपरीचा. म्हणजे नाटकांना कपडे, टोप, ढाली, तलवारी भाड्याने पुरवायच्या. राहायला शिरूरला. यजमान रंगभूषा करायचे. ते गेल्यावर दोन ट्रंका आणि त्यांची गिऱ्हाइकं माझ्याकडे राहिली. हौशी मंडळींकडे पैसे नसतात आणि नाटकं त्यांना ऐतिहासिकच करायची असतात. त्यामुळे मी सामान विकत घेत नाही, घरी बनवते.

खरं चिलखत लोखंडी कड्यांचं. आमचं सुतळीचं. जाड सुईवर सुतळी सैल विणायची, खळीत बुडवायची, वाळली की रुपेरी रंग द्यायचा. दहा हातांवरून लोखंड वाटतं. टोप कागदाच्या लगद्याचा, पालथ्या पातेल्यावर थापून वाळवलेला. ढाल म्हणजे बांबूची पाटी, वर काळं ऑइलक्लॉथ. सुतळीला एकच गोष्ट जमत नाही, वजन. माणूस गर्रकन वळला की घेर उडतो आणि सरदार परकर नेसल्यासारखा दिसतो. म्हणून खालच्या घेरात आतून काहीतरी जड शिवावं लागतं.

या वेळी मी शिसं शिवलं होतं. आमच्या शिरूरच्या रसूलभाईंकडून आणलेलं. रसूलभाई पत्र्याचं काम करतात. डबे, रॉकेलच्या चिमण्या, घमेली, आणि माझ्या तलवारींच्या मुठी. पत्र्याचे सांधे जोडणारा डाख लावायला त्यांना शिसं लागतं, म्हणून भंगारातलं शिसं ते घेतात. त्यांच्या पोत्यात मला चपटे गोल बिल्ले दिसले. सुपारीपेक्षा लहान, वर काही अक्षरं आणि आकडे दाबलेले. काहींना आरपार भोकंही होती. दोरा ओवायला तयार. मी म्हटलं, वितळवू नका, मला द्या. सगळे घेतले. प्रत्येकाच्या घेराला पस्तीस-छत्तीस लागले.

जाधवांनी घेर उचलून उलटा केला. वजन कशाचं ते बघायला. बिल्ला अंगठ्याने पुसला आणि पुसतच राहिले.

"काळेमास्तर," त्यांनी हाक मारली. "जरा हिकडं या."

काळेमास्तर म्हणजे नाटक बसवणारे, पार्सल ऑफिसातले क्लार्क. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि आधी जाऊन दार लावलं.

"बाई, हे कुठून आणलंत?"

"का?"

"हे वॅगनचं सील आहे."

मी शिरूरची. आमच्याकडे रेल्वे नाही. मालगाडीचं दार कसं बंद करतात ते मी कधी पाहिलं नव्हतं. मास्तरांनी हळू आवाजात सांगितलं. दाराच्या कडीतून तार घालतात, तिची टोकं शिशाच्या गोळीतून ओवतात आणि खास पकडीने गोळी दाबतात. स्टेशनची अक्षरं त्यावर उमटतात. सील शाबूत म्हणजे माल शाबूत.

"आन् महिनाभर हितं काय चाललंय ते ठावं हाय का तुमाला?" जाधव म्हणाले. "सील शाबूत आन् आतल्या कापडाच्या गठड्या गायब. रोज एकेकाला बोलावत्यात. माझ्या घरातली पेटीबी उचकटली."

वापरलेली सीलं मोजून परत करायची असतात. ती ज्याच्याकडे सापडतील त्याला नोकरी नाही, आणि नोकरी जाण्यावर निभावलं तर नशीब. खोलीत आठ रेल्वेची माणसं उभी होती आणि आठांच्या गुडघ्यांभोवती ती सीलं लोंबत होती. कोणी हलेना. हललं की आवाज व्हायचा.

तेवढ्यात दार वाजलं. रेल्वेच्या पहाऱ्यावरचा जमादार. हातात भाजलेल्या शेंगांची पुडी.

"तालीम हाय म्हनं. बगायला आलो. चालू द्या."

चालू द्यावंच लागलं. आठ जण स्टेजवर गेले. जमादार पहिल्या रांगेत बसून शेंगा सोलत होता. जाधवांना तलवार उपसून तीनदा फिरायचं होतं. ते खांबासारखे उभे राहिले. भाषणातली मधली चार वाक्यं गेली. सैनिक घेर मांड्यांत आवळून चालले. हातातली सुई कुठे टोचली होती ते मला घरी गेल्यावर कळलं.

"सरदार, लढाईवर निघालाय का म्हशीच्या धारंला?" जमादार म्हणाला. "जरा जोर काढा की."

"खेळाला काढतो," जाधव म्हणाले.

जमादार गेला. आठही चिलखतं माझ्यासमोर येऊन पडली. कोणी घडी घातली नाही.

"नदीत टाका," काळेमास्तर म्हणाले. "आत्ता. मी काही पाहिलं नाही."

"नदीपर्यंत नेणार कोण?" मी म्हटलं. "कॉलनीच्या फाटकावर बोचकी उघडतात."

"मग जाळा."

"शिसं जळत नाही, मास्तर."

मी चिलखतं ट्रंकेत भरली, कुलूप लावलं आणि किल्ली घेतली. मास्तरांना सांगितलं, उद्या सकाळी मी परत येते, तोवर ट्रंकेला हात लावू नका. ते म्हणाले, हात लावायला कोण बसलंय. मी मात्र एक काम केलं होतं. एका घेराची उसवण करून दोन सीलं काढली होती. एक भोक असलेलं, एक नसलेलं. ती लुगड्याच्या कनवटीला लावली आणि फाटकाकडे निघाले.

फाटकावर तोच जमादार.

"डबा उघडा, बाई."

शिवणाचा डबा उघडला. रिळं, कात्री, मेण, सुया. त्याने टोचा उचलला. जाड सुतळीत भोक पाडायला मी तो वापरते. टोकाला शिशाचा करडा कीस लागला होता.

"ह्यो कशाला?"

"चामड्याला."

"चामडं तर दिसंना."

"ढाल आहे की. आत ठेवलीय."

ढालीला चामडं नव्हतं. त्याने टोचा उन्हात धरून पाहिला. माझी कनवटी इतकी जड वाटत होती की चालताना ती गळणार असं वाटलं. त्याने टोचा डब्यात टाकला आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

एसटीत बसल्यावर भीती गेली नाही, पण डोकं चालू लागलं. भोकांचा विचार आला. पकडीने दाबलेलं शिसं तारेवर घट्ट बसतं. भोक उरायलाच नको. खरंच, बऱ्याच बिल्ल्यांत तारेचे तुकडे रुतलेले होते आणि मला ते टोच्याने पोखरावे लागले होते. पण तीसेक बिल्ले तयार भोकाचे होते. ते हाताला लागले की मी खूश व्हायचे. कोणीतरी ते माझ्याआधीच, माझ्यासारख्याच टोच्याने उघडले होते. तार काढायची, गठड्या काढायच्या, तार पुन्हा ओवायची, गोळी हलके दाबायची; जी नीट बसली नाही ती भंगारात, तिच्या जागी नवी. चोरी कशी होते ते मी आठवडाभर मांडीवर घेऊन शिवत बसले होते.

दिवेलागणीला रसूलभाईंच्या दुकानात गेले. ते चिमणीला कान जोडत होते. पंचावन्नचं वय, नजर अधू. मी दोन्ही सीलं त्यांच्या ऐरणीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"वहिनी, माझं नाव नगा घेऊ."

"तुम्ही कोणाकडून घेतलं?"

"बाजारच्या दिवशी एक मानूस आलता. निळा सदरा. दोनदा आला. म्या काय इचारनार? शिसं म्हंजी शिसं." ते थांबले. "तुमी म्हना, बाजारात घेतलं."

"कुणाकडून म्हणू? मी सीलं दाखवली की तपासावरचे रेल्वेचे साहेब शिरूरला येतील. या गावात शिसं कोण घेतं हे पोरालाही ठाऊक आहे. तुम्ही लपवलंत असं झालं तर मग तुमचं कोण ऐकेल?"

"आता तरी कोन ऐकतंय? वहिनी, तितं गेलो तर तुमाला खुर्ची देत्याल. मला भिंतीकडं तोंड करून हुबा करत्याल."

रसूलभाई खरं बोलत होते. मी गप्प राहिले असते तर जाधव, मास्तर आणि उरलेले सात अडकले असते. बोलले तर रसूलभाई. वीस वर्षं या माणसाने माझ्या तलवारींना मुठी लावल्या होत्या.

"मी तुमचं नाव घेणार नाही," मी म्हटलं. "ते तुम्हीच सांगा. पहिल्या गाडीने माझ्याबरोबर चला. आपण होऊन गेलेला माणूस आणि धरून नेलेला माणूस यांत फरक असतो."

"आसतो?"

"थोडा असतो."

त्यांनी चिमणी पुन्हा हातात घेतली. मी घरी आले. ते येणार नाहीत असंच मी धरून चालले होते.

सकाळी ते माझ्याआधी स्टँडवर उभे होते. धुतलेला पायजमा, डोक्याला रुमाल. पिशवीत भाकरी आणि एक चादर. चादर कशाला, हे मी विचारलं नाही.

दौंडला साहेबांच्या खोलीत रसूलभाई म्हणाले होते तसंच झालं. साहेब सभ्य होते. मला म्हणाले, "बसा, बाई." रसूलभाईंना जमादाराने भिंतीकडे ढकललं. मी बसले. मी उभी राहून त्यांचं काही भलं झालं नसतं, आणि टेबलावर सीलं मांडायला मला बसायला हवं होतं. मी दोन्ही सीलं ठेवली आणि भोकाचा फरक सांगितला. साहेबांनी भिंग काढलं. दोन्ही सीलं उलटसुलट करून पाहिली.

"अशी किती आहेत?"

"ट्रंकेत तीसेक असतील. पण रंग लागलाय. डोळ्यांनी वेगळी काढता येणार नाहीत."

"मग?"

"हाताने काढावी लागतील. शिशाचा हात यांना आहे. मला नाही." मी रसूलभाईंकडे बोट केलं. "शिवाय माझ्या मालातून काय निघालं ते आम्हा दोघांसमोर लिहून व्हावं."

साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग ट्रंक मागवली. मी उसवत गेले आणि रसूलभाई जमिनीवर बसून एकेक सील बोटांत फिरवत गेले. "हे धड हाय. हेबी धड. हे उघडलंय." डोळे जवळजवळ मिटलेले. जमादार लिहीत होता. सुरुवातीला तो "ए" म्हणत होता. पहिल्या चिलखतातून पाच उघडलेली निघाली. दुपारपर्यंत तो "मिस्त्री, हे कोणतं?" म्हणू लागला. एकूण चौतीस निघाली. चौतिसांवर एकाच लहान स्टेशनाची अक्षरं होती. ते स्टेशन मी इथे लिहीत नाही.

तरी त्यांनी रसूलभाईंना ठेवून घेतलंच. "ओळख पटवायला लागतील," साहेब म्हणाले. किती दिवस, विचारलं तर म्हणाले, बघू. मला जायला सांगितलं. मी एकटी एसटीत बसले. रसूलभाईंच्या बायकोला काय सांगायचं, याचा विचार करायला दोन तास मिळाले आणि ते पुरले नाहीत. मी तिला सांगितलं, ओळख पटवायला ठेवलंय. ती म्हणाली, "तुमी घेऊन गेला आन् तुमी एकल्याच आला." दार लावून घेतलं.

सोमवार गेला. मंगळवार गेला. त्या दोन दिवसांत माझ्याकडून एक टाका सरळ पडला नाही. रस्त्यात एसटी थांबली की मी बाहेर येऊन पाही. गावात बातमी दुसऱ्याच रूपात पोहोचली होती. रसूल पत्रेवाला रेल्वेच्या चोरीत धरला गेला. त्यांच्या दुकानात दुरुस्तीला टाकलेले डबे लोक त्यांच्या बायकोकडून परत घेऊन गेले.

बुधवारी संध्याकाळी ते आले. त्या स्टेशनच्या हमालांमधून त्यांनी निळ्या सदऱ्याचा माणूस दाखवला होता. चेहऱ्यावरून नाही, चेहरा त्यांना तितका दिसलाच नव्हता. आवाजावरून. साहेबांनी त्या हमालाची खोली उघडली, तिथे पकड सापडली आणि गठड्यांचं काही कापडही. बाकीचं मला माहीत नाही. रसूलभाईंना मारलं का, हे मी विचारलं. ते म्हणाले, "पयल्या दिशी."

नाटक पंधरा दिवसांनी झालं. जाधवांनी चिलखत घालण्याआधी घेर उलटून पाहिला, आणि त्यानंतर ते माझ्या प्रत्येक मालाच्या बाबतीत तसंच करू लागले. मी आता वजनाला नदीतले गोटे वापरते. कापडाच्या पुरचुंडीत बांधून शिवावे लागतात, दुप्पट वेळ जातो, बोटं सोलतात. नव्या पोरी शिकायला आल्या की त्यांना एवढंच सांगते: जे सामान हाताला फार सोपं लागतं, ते आधी कोणी सोपं केलं ते विचारा.

रसूलभाई सुटून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातले सगळे फुटके डबे, दोन चिमण्या आणि गळकं घमेलं पाटीत भरून त्यांच्या दुकानी नेलं. बाजाराचा दिवस होता, रस्ता भरलेला. काम संध्याकाळी मिळालं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, मी थांबते, आणि रस्त्याकडे तोंड करून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेन अशी, त्यांच्या ओट्यावर दुपारपर्यंत बसले.