पडद्यामागच्या माणसांची नावे

प्रा. दिगंबरराव कंधारकर यांना मी प्रथम पाहिले ते हैदराबादेत, आबिड्सच्या फुटपाथवर. रविवारचा जुन्या पुस्तकांचा बाजार भरला होता आणि सर उकिडवे बसून फोटोंचा एक गठ्ठा चाळत होते. त्यांच्याच कॉलेजात, इंग्रजी विभागात मी रुजू होणार आहे, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. मी डोकावतो आहे हे पाहून त्यांनी एक फोटो माझ्या हाती दिला. कुठल्याशा जुन्या ब्रिटिश चित्रपटाच्या सेटवरचा. राजाच्या वेशातला नट उभा होता आणि एक बाई गुडघ्यांवर बसून त्याच्या झग्याला टाके घालत होत्या.

“काय दिसतं?” सरांनी विचारले.

“राजा.”

“त्याचं नाव मागे छापलंय. या बाईंचं नाही. मला त्यांचं हवंय.”

पुढे पंचवीसेक वर्षे मी सरांचे हे हवेपण जवळून पाहिले. चित्रपट वितरकांच्या कचेऱ्या बंद झाल्या तेव्हा रद्दीत गेलेले फोटो त्यांनी हैदराबाद-सिकंदराबादेतून वेचले, काही विलायतेहून मागवले. दिवे लावणारे, केस विंचरणाऱ्या, रंगवलेल्या किल्ल्यामागे चहा पिणारे सुतार, असे सारे त्यांत होते. पुरावा मिळाल्याखेरीज सर कुणाचे नाव लिहीत नसत. बहुतेकांखाली ‘अज्ञात’ असेच लिहावे लागे. हे सारे सवडीने चालले होते असेही नाही. सरांच्या पत्नी सुमतीवहिनी अनेक वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. स्वयंपाक, त्यांची औषधे, कॉलेजचे तास आवरून सर फोटो घेऊन बसत, ते वहिनींच्या पलंगाशेजारीच. दमलेले दिसत. दमलो असे म्हणत नसत.

सुलतान बाजारातल्या आमच्या मराठी वाचनालयात एकदा त्यांनी प्रदर्शन मांडले. पाहायला फार कुणी आले नाही. अखेरच्या दिवशी लालागुड्याच्या रेल्वे वसाहतीतल्या मिसेस पार्कर नावाच्या वृद्ध अँग्लो-इंडियन बाई आल्या आणि दिवेवाल्यांच्या एका फोटोपुढे थांबल्या. मग इंग्रजीत हळूच म्हणाल्या, “हे माझे वडील.” त्या लहान असताना वडील रेल्वेची नोकरी सोडून इंग्लंडला गेले होते, परतले नाहीत. घरात त्यांचा एकही फोटो उरला नव्हता.

सरांनी चौकटीतून फोटो काढला आणि त्यांच्या हाती दिला. मी सरांना बाजूला नेऊन म्हटले, “सर, पुरावा काय? बाई तेव्हा किती लहान होत्या.”

“पुरावा नाही,” सर म्हणाले. “आपण प्रत ठेवू. खाली लिहू, मुलीने ओळखले. खोटं काहीच होत नाही त्यात.”

वहिनी गेल्यावर संग्रहाला घर शोधण्याचे काम उरले. मीही निवृत्त झालो होतो, म्हणून सरांबरोबर हिंडलो. एका कचेरीतले साहेब मान वर न करता म्हणाले, “ये सब नेट पे मिल जाता, साब.” सरांनी आभार मानले. जिना उतरताना मात्र कठडा धरून मधेच उभे राहिले.

त्याच पावसाळ्यात मलकपेटच्या त्यांच्या घरात नाल्याचे पाणी शिरले. मी पोहोचलो तेव्हा सर पायरीवर बसले होते. आत फोटो एकमेकांना चिकटून गोळे झाले होते. “राहू द्या आता,” ते म्हणाले. “मला खरंच कंटाळा आलाय.” मी शेजारी बसलो. तेवढ्यात पलीकडच्या रझियाआपा आल्या. “सर, हमारी छत पे सुखाते. उठो आप,” म्हणाल्या आणि उत्तराची वाट न पाहता पहिला खोका उचलून घेऊन गेल्या. जरा वेळाने सर उठले, त्यांच्यामागे गेले. दिवस मावळेपर्यंत आम्ही तिघे ओले फोटो अलगद सुटे करत होतो. निम्मे हाताला लागले. निम्मे गेले.

जे वाचले ते आता वाचनालयाच्या दोन कपाटांत आहेत. वाचनालयाने जागा दिली, वाचकांनी बरण्या भरून कापूर आणि कडुलिंबाचा पाला दिला. दर शनिवारी सर ऑटोने येतात, भिंग घेऊन बसतात. दृष्टी उणावली आहे. तरी मागच्या महिन्यात एका ‘अज्ञात’ केशभूषाकार बाईंचे नाव मिळाले. सरांनी ते लिहिले, दोनदा वाचून पाहिले आणि चहा मागवला.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. पंचाहत्तरीला, हातून आणखी कार्य घडो, असे म्हणण्याची रीत आहे. मी तसे म्हणणार नाही. सरांचे खूप करून झाले आहे. त्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभावे, गुडघे दुखू नयेत, दुपारी गाढ झोप लागावी. आणि एखाद्या शनिवारी यावेसे वाटले नाही तर त्यांनी खुशाल घरी राहावे. कपाटे आम्ही उघडू.