शेवटच्या अंकाची खळ

त्या दुपारी मी आणि बायको शिडाच्या होड्यांच्या मासिकाला कागदी पट्ट्या चिकटवत बसलो होतो. मी अंक दुमडून द्यायचा, तिनं पत्त्याची पट्टी गुंडाळून खळ लावायची. तीस वर्षं हेच काम, बोलायची गरज नव्हती. तरी ती बोलायचीच.

"अहो, खळ घट्ट झाली. स्वल्प पाणी घाला."

मी घातलं, ते जास्त पडलं.

"एक काम सांगितलं तर..." म्हणत तिनं वाडगा ओढून घेतला. वीस-पंचवीस अंक उरले तेव्हा म्हणाली, "पाठ धरलीय. उरलेले उद्या करू." चहा न घेताच आडवी झाली. दिवेलागणीला उठवायला गेलो, उठली नाही.

लोक म्हणाले, सुखानं गेली. यांना काय जातंय म्हणायला! काम अर्धं टाकून ती आयुष्यात कधी उठली नव्हती.

मी बाइंडर. शाळा चौथीपर्यंत, तीही कानडी. मराठी घरात शिकलो. अॅव्हेन्यू रोडच्या गल्लीतला छापखाना बंद पडल्यावर हे एकच मासिक के. आर. पुरमच्या घरी आणून बांधत होतो. मासिक काढणारे साहेब नौदलातून निवृत्त झालेले. समुद्र सोडून बेंगळुरात यायचं आणि समुद्राचं मासिक काढायचं, हे शहाण्याचं काम नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते हसून म्हणाले, "ज्याच्याकडे होडी आहे तो होडीत असतो. वाचतो तो, ज्याच्याकडे नाही."

आम्ही दोघांनीही समुद्र पाहिलेला नाही. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर होडी एका अंगावर पार कलंडलेली, माणसं वरच्या कडेला लोंबकळतायत. ही म्हणाली, "अहो, फोटो वाकडा छापलाय. होडी बुडतेय की." मलाही पटलं. सगळा माल अडवून दिवसभर साहेबांची वाट बघत बसलो. संध्याकाळी साहेब आले, कपाळावर हात मारून घेतला. वारा भरला की होडी अशीच पळते म्हणे! त्यानंतर मी जिना धापा टाकत चढलो की ही वरून विचारायची, "काय, वारा भरला का?"

साहेब दोन वर्षांपूर्वी गेले. आता त्यांची मुलगी बघते. मला अंकल म्हणते, हिंदीत बोलते. हिच्या दहाव्याला तिचा फोन आला. दुःख झालं वगैरे बोलली, मग म्हणाली, "अंकल, अंक पोस्टात टाकू नका. सगळ्यांना फोनवर पाठवलाय. इथून पुढं छापायचाच नाही."

"मग हा छापला कशाला?"

"आधीच छापायला गेला होता. रद्दीत देऊन टाका."

"भर समुद्रात फोनला टॉवर कुठला?"

"आता असतो अंकल, सॅटेलाइटचा."

असेल बाबा. वादळाची बातमी फोनवर लवकर कळते, होडी विकायची असेल तर फोनवर लवकर विकली जाते, हे मला कळतं. मी काही खुळा नाही. पण मधल्या दोन पानांवर पसरलेली होडी? डोलकाठी नेमकी घडीत आली की पिन तिच्यातूनच जायची. फोटो लावणाऱ्याला मी किती शिव्या दिल्या असतील! आमच्या मुलानं फोनवर तोच फोटो दाखवला. अंगठ्याएवढा. दोन बोटांनी ताणला तर शीड दिसलं तेव्हा होडी गायब, होडी दिसली तेव्हा शीड गायब. याला बघणं म्हणतात?

आणि त्या कोकणातल्या म्हाताऱ्याचं काय? दीपगृहावर नोकरी केलेला माणूस. अंक पोचला नाही तर परत यायचा पत्ता म्हणून पट्टीवर आमचा असे, म्हणून दर अंकाला आम्हालाच मराठीत पोस्टकार्ड टाकायचा. "अंक पोचला. पट्टी फाडली नाही, वाफेवर सोडवली. खळ उत्तम." एवढंच. ही ती कार्डं रव्याच्या रिकाम्या डब्यात ठेवायची. तीस वर्षांत तिच्या खळीला चांगलं म्हणणारा तो एकच. मी कधी म्हटलं नव्हतं. त्याचा अंक ती सगळ्यांच्या शेवटी, सावकाश बांधायची. म्हणजे तो उरलेल्यातच होता.

तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे गेले. मुलगा म्हणाला, "अप्पा, उद्या दहाला रद्दीवाला येतोय. खोली मोकळी करू आणि तुम्ही चला आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक सिटीला."

"तिनं बांधलेत ते."

"अप्पा, कुणी वाचत नाही आता."

"तू वाचू नको. तुला कुणी पाठवलाय?"

सून म्हणाली, "तो वाडगा तरी घासून टाकू का?" मी नको म्हणालो. वाळलेल्या खळीत हिची चार बोटं उमटलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झोपलेले असताना मी स्टोव्ह पेटवला. मैदा उकळत्या पाण्यात टाकला. सगळ्या गुठळ्या! फेकून दिला. मग आठवलं, ती आधी गार पाण्यात कालवायची. तीस वर्षं शेजारी बसलो आणि बघितलं काय, कुणास ठाऊक. दुसऱ्यांदा जरा बरी झाली. किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते विष. त्यामुळे स्वयंपाकाचं भांडं घेता येईना. तोच वाडगा घ्यावा लागला. पाणी घालून ठेवला. बोटं सुटायला बराच वेळ लागला.

उरलेले सगळे बांधले. पट्ट्या वाकड्या. म्हाताऱ्याचा शेवटी घेतला. पट्टीच्या आतून पेन्सिलनं लिहिलं, "खळ करणारी गेली. ही मी केलीय, गुठळ्या आहेत. अंक हा शेवटचा."

मग सगळे अंक दोन पोत्यांत भरून रिक्षात घातले. रिक्षावाला कुरकुरला, "अण्णा, इतकं सामान?" म्हटलं, सरी, बरं बाबा, जे घ्यायचं ते घे, पण चल. पोस्टाचं दार अजून उघडलं नव्हतं. पायरीवर पोत्यांशेजारी बसून राहिलो.