येरझारेंच्या पाच फेऱ्या

कारखान्यात सगळे त्यांना येरझारे म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण डोकं चालायला लागलं की त्यांचे पायही चालायला लागत. बावीस वर्षं त्यांनी इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांचे प्रोग्राम लिहिले, तेही बहुतेक उभ्याउभ्याच. मग मालकाने कारखाना विकला. नव्या मालकाला जागा हवी होती, काटे नको होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी येरझारे घरी बसले. बसले म्हणजे आपलं म्हणायचं म्हणून. स्वयंपाकघर ते बाल्कनी अशा चकरा सुरू झाल्या, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, फरशी झिजेल. कुठेतरी अर्ज करा."

अर्ज केला तो एकदम बड्या सॉफ्टवेअर कंपनीत, आणि बोलावणंही आलं. एका दिवसात मुलाखतीच्या पाच फेऱ्या.

मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिने बापाची शिकवणी घेतली.

"बाबा, प्रश्न ऐकला की लगेच लिहायला लागू नका. आणि मनातल्या मनात विचार करायचा नाही, मोठ्याने करायचा."

"मोठ्याने विचार करणाऱ्याला लोक वेडा म्हणतात."

"तिथे नोकरी देतात. आणि हे बघा, हातून झालेली चूक विचारतील. छोटीशी, कुणाचं काही बिघडलं नाही अशी सांगा."

येरझारेंनी चुकीची फाइल पाठवल्याची एक चूक पाठ करून टाकली.

मुलाखतीची खोली काचेची होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जेमतेम चार पावलं. पहिली फेरी निभावली. दुसऱ्या फेरीत आलेल्या तरुणाने लॅपटॉपमधून मान वर न करताच प्रश्न घातला: आकडे एकामागून एक येत राहतात, लाखोंनी, कुठल्याही क्षणी त्यांतला मधला आकडा चटकन सांगायचा. येरझारेंना हसूच आलं. काट्यावरचे थरथरणारे आकडे स्थिर करायला ते हेच करत आले होते, फक्त पाच-सात आकड्यांपुरतं. लाखोंचं काय करायचं? ते उठून चालू लागले.

"सर, बसून बोलूया का?" तरुण म्हणाला.

ते बसले, आणि डोकंही बसलं. बारा मिनिटं पांढऱ्या फळ्यावर एक ओळ उमटली नाही. उत्तर आलं ते फेरी संपल्यावर, बाहेरच्या नळावर हात धुताना. वरातीमागून घोडं!

तिसऱ्या फेरीला त्यांच्याच वयाच्या एक बाई होत्या, एका विभागाच्या प्रमुख. त्यांनी विचारलं, "तुमच्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक कोणती?"

फाइलची गोष्ट जिभेवर होती. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"तान्ह्या बाळांचा काटा होता. बाळं हातपाय झाडतात, आकडा नाचतो, रोज थोडा वेगळा येतो. नर्सबाई कंटाळायच्या. मी प्रोग्राममध्ये लिहिलं, कालच्या खऱ्या वजनापेक्षा तीस ग्रॅमच्या आतला फरक असेल तर पडद्यावर जुनाच आकडा दाखव. एका बाळाचं वजन रोज वीस ग्रॅमने उतरत होतं. रोजचा फरक किरकोळ, त्यामुळे चार दिवस आकडा जागचा हलला नाही. एका नर्सला बाळ हाताला हलकं लागलं, म्हणून तिने फोन केला."

बाईंचं टाइप करणं थांबलं. "मग?"

"एकतीस हॉस्पिटलांत तसे काटे होते. मी स्वतः जाऊन सगळ्यांचा प्रोग्राम बदलला."

"मालकाला विचारलंत?"

"नंतर सांगितलं."

"आणि बाळ?"

"सुधारलं. मी रोज बघायला जायचो. सहाव्या दिवशी नर्सने मला हाकललं. म्हणाली, तुमच्या चकरांनी बाकीची बाळं उठतात."

उरलेल्या दोन फेऱ्यांत काय विचारलं, ते त्यांना पुढे धड आठवेना.

मग वाट पाहणं. फोन वाजला की चकरा थांबायच्या, आणि निघायचा गॅसवाला. अकराव्या दिवशी खरा फोन आला. पलीकडची तरुणी गोड आवाजात म्हणाली, या वेळी जमत नाही, वर्षभराने पुन्हा अर्ज करा. कारण सांगायचा नियम नव्हता.

मुलीने खोदून खोदून विचारलं, आणि तिसऱ्या फेरीचं ऐकून ती भडकलीच. "अहो बाबा, कोणी सांगितलं होतं ते उकरून काढायला?"

"विचारलं म्हणून सांगितलं. अडलं ते दुसऱ्या फेरीत गं."

मग ती म्हणाली, "मला कधी बोलला नाहीत हे."

"तू तेव्हा दोन महिन्यांची होतीस. घरी आलो की आधी तुला उचलून बघायचो, हलकी लागतेस का."

तिने उगाच लॅपटॉप उघडला आणि आणखी चार कंपन्यांचे अर्ज भरायला घेतले.

अडीच महिन्यांनी रुग्णाच्या शिरेत थेंबथेंब औषध सोडणारे पंप बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीने त्यांना घेतलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक तयार प्रोग्राम अडवून धरला. आणखी चाचण्या झाल्याशिवाय पंप बाहेर जाऊ देणार नाही म्हणाले. साहेब वैतागले, माल पाठवायची तारीख दहा दिवस पुढे ढकलावी लागली. नोकरी अजून पक्की झालेली नाही, आणि चाचण्याही अजून चालूच आहेत.